काकाजींची भरमार

सेलूला बदली होऊन आलो आणि घर शोधत पहिल्या दाराशी उभा राहिलो, तेव्हा त्या घरमालकाने भाडं किती देणार हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "राग येते काय?"

"कोणावर?" मी म्हटलं.

"कोणावरही. येते काय?"

सगळ्यांना येतो तेवढा येतो, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं असं दिसलं नाही. मग विचारलं, "दारू घेता?" वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे इथे या प्रश्नाचं सगळेच 'नाही' हे एकच उत्तर देतात. मीही दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक पाऊल पुढे येऊन माझा वास घेतला.

"झोपेत चालता?"

"नाही."

"भावाभावात वाद? वावराचा, घराचा?"

"समुद्रपूरला वडिलांचं दोन खोल्यांचं घर आहे. दोघा भावांत एकेक खोली. वाद व्हायला तिसरी खोलीच नाही."

हे त्यांना आवडलं. शेवटी त्यांनी चष्म्याचा नंबर विचारला. मी दोन्ही डोळ्यांचे नंबर सांगितले आणि उजव्या डोळ्याला तिरका नंबर आहे, तोही सांगितला. पंचायत समितीच्या लेखा शाखेत नोकरी करणाऱ्या माणसाला आकडा अर्धवट सांगवत नाही. ते म्हणाले, "वरचा मजला पाहून घ्या."

पुढे कळलं, की बंदुकीचा परवाना देण्याआधी माणसाला जे विचारायला हवं असं त्यांना वाटे, ते सगळं त्यांनी मला विचारलं होतं. एकदा मी हे हसत त्यांच्यापुढे काढलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "ज्याच्या हाती बंदूक देता येत नाई, त्याले घर कायले द्यायचं जी?"

सगळं गाव त्यांना काकाजी म्हणत असे. आम्हीही म्हणू लागलो. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. खाली ते आणि काकू, वर आम्ही तिघं: मी, बायको आणि सातवीतली मुलगी. हिंगणीला बोरच्या जंगलाला लागून त्यांचं चार एकर वावर होतं. ते मोठ्या भावाचा मुलगा ठेक्याने करायचा. त्या वावराच्या राखणीसाठी त्यांच्या वडिलांनी परवाना काढून एक बंदूक घेतली होती. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे आणि मग उडवायची, अशी ती जुनी ठासणीची बंदूक. आमच्या भागात तिला भरमार म्हणतात. वडिलांच्या मागे परवाना काकाजींच्या नावावर झाला होता. ती बंदूक खालच्या आतल्या खोलीत असायची. त्या खोलीला कुलूप होतं आणि तिच्या बरोबर वर माझ्या मुलीचा पलंग होता.

बायकोने हे पहिल्याच आठवड्यात हेरलं. "तुम्ही घर पाहिलं, नळ पाहिला, मीटर पाहिलं. खाली काय आहे ते विचारलं नाही?" मी पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला. त्याने काही फरक पडत नाही हे तिलाही माहीत होतं, मलाही.

काकाजींना कोणतीही नळी माणसाकडे तोंड केलेली चालत नसे. बंदुकीचीच असं नाही. मी छत्री मिटून काखेत धरली, तर ते मागून ओरडायचे, "मागच्याचा डोळा पाह्यला काय?" काकू अंगणात पाइपने झाडांना पाणी घालायच्या तेव्हा कोणी फाटकातून आलं, तर त्यांना पाइपचं तोंड जमिनीकडे करावं लागे. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस घरासमोरून गेला, की ते त्याला थांबवून नळी खाली करायला लावत. तो बिचारा म्हणायचा, "काकाजी, रिकामा आहे जी पंप." मग काकाजींचं ठरलेलं वाक्य यायचं: "रिकामी म्हणूनच लोकं मरते. भरलेली असली त संभाळते."

कोरोनाच्या काळात आशाताई घरोघर ताप तपासत फिरायच्या. त्यांच्या हातात कपाळासमोर धरायचं ते पिस्तुलासारखं यंत्र असे. आमच्या फाटकात त्यांनी ते काकाजींच्या कपाळावर रोखलं मात्र, काकाजी झटकन बाजूला झाले.

"बाई, बोट बाहेर काढा पह्यले."

"काकाजी, ताप पाहून राह्यली मी."

"ताप पाहा. पण बोट बाहेर. आधी जमिनीकडे धरा. मग मले विचारा, तयार आहे काय. मी हो म्हटलं की मंग वर उचला, अन् मंगच बोट आत घाला."

आशाताईंना अजून साठ घरं करायची होती. तरी त्यांनी ते सगळं केलं. त्याशिवाय हा माणूस कपाळ देणार नाही, हे त्यांनी ओळखलं. पुढच्या फेरीला त्या फाटकातूनच ओरडल्या, "जमिनीकडे आहे जी काकाजी! येऊ काय?"

हे सगळं गमतीचं होतं. पण मला त्यांचा संशय होता आणि तो मी लपवणार नाही. जो माणूस इतका जपतो, त्याच्या हातून कधीतरी काहीतरी झालेलं असणार, असा माझा हिशेब होता. हिंगणीकडच्या तीन माणसांना मी वेगवेगळं गाठून विचारलं. एकाने सांगितलं, यांनी तरुणपणी अंधारात डुक्कर समजून स्वतःचा बैल मारला. दुसरा म्हणाला, बैल नाही, माणूस होता, आणि प्रकरण दाबलं. तिसऱ्याच्या मते त्यांनी आयुष्यात एक बारही काढलेला नाही. तीन माणसांची तीन उत्तरं आली, की माझ्या धंद्यात त्यातलं एकही धरत नाहीत. शेवटी मी त्यांनाच विचारलं.

"काकाजी, काही झालं होतं काय तुमच्या हातून?"

"सावध राहाले आधी काही व्हायलेच पाह्यजे काय?" ते म्हणाले. "एसटी चालवली तवा बी लोकं हेच विचारे. हळू चालवता, कुठं ठोकली होती काय?"

हे उत्तर चांगलं होतं. पण ते हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. मी ते तसंच बाजूला ठेवून दिलं.

संशयाला खतपाणी घालणारं आणखी एक होतं. अधूनमधून दुपारी दोन-तीन माणसं यायची. उन्हासाठी तोंडाला दुपट्टे गुंडाळलेले, फक्त डोळे उघडे. ती काकाजींबरोबर आतल्या खोलीत जायची, दार आतून लागायचं आणि मग आवाज सुरू व्हायचा. टक. थोडी शांतता. पुन्हा टक. सुट्टीच्या दिवशी मी वर पडल्या पडल्या ऐकायचो. बायको म्हणायची, "भरून राह्यले वाटते." एकदा मी न राहवून खाली गेलो आणि खिडकीची फट शोधली. फट होती. पण माझा डोळा तिथे पोचायच्या आत आतून आवाज आला, "लेखापाल, दरवाजा आहे घराले. या आत."

आत गेलो. भिंतीला साखळीने जखडलेली ती भरमार होती, माझ्या खांद्याला येईल एवढ्या लांबीची. तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. एका शेतकऱ्याच्या हातात लाकडाची बंदूक होती. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढत नेतात ते चाकांचे लाकडी बैल करणाऱ्या सुताराकडून काकाजींनी तशा तीन करून घेतल्या होत्या. आत शिसं ओतून वजन खऱ्या बंदुकीबरोबर केलेलं. (करताना सुताराने विचारलं होतं, "काकाजी, चाकं लावू काय याले?") समोरच्या भिंतीवर जाड पुठ्ठ्याचे काळे आकार ओळीने टांगले होते. डुक्कर. गाय. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई. आणि एक माणूस, उकिडवा, टमरेल पुढ्यात ठेवून बसलेला.

"आता खिडकी लावतो," काकाजी म्हणाले. "अंधारात सांगा, यातला डुक्कर कोणता."

खिडकी लागल्यावर मी बोट दाखवलं. ते टमरेलवाल्या माणसाकडे होतं. शेतकरी खो खो हसले. त्यांच्यातला एक म्हणाला, "साहेब, मी बी पह्यल्या दिवशी यालेच मारलं."

ती माणसं जंगलाकडच्या गावांतली परवानेवाली होती. काकाजी त्यांना जे शिकवत, त्यात बार उडवणं नव्हतंच. लाकडी बंदूक उचलायची, खांद्याला लावायची, समोर काय आहे ते ओळखायचं, ओळखू आलं नाही तर खाली उतरवून फळीवर ठेवायची. तो टक आवाज फळीचा होता. नळीच्या टोकावर ते रुपयाचं नाणं ठेवत. उचलताना, उतरवताना नाणं पडता कामा नये. दिवसभर उचल आणि उतरव. बोट सगळा वेळ बाहेर.

"अन् उडवायचं कधी शिकवता?" मी विचारलं.

"ते काय शिकवायचं? ते त माकडालेही येते."

कायदा त्यांना तोंडपाठ होता, पण तो सांगण्याची त्यांची रीत वेगळी. डुकरं चणा उकरतात म्हणून कोणी कुरकुरलं, की म्हणायचे, "बंदूक पोलिसाची, डुक्कर वनखात्याचं, फक्त चणा तुहा. आधी दोघायले विचार, तवरक डुक्कर जेवून जाते." मुलीला शाळेतल्या एकीची पाहून छऱ्यांची एअरगन हवी झाली. मी चौकशी केली, तसल्या साध्या एअरगनला परवाना लागत नाही असं दुकानदार म्हणाला. काकाजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "परवाना लागत नाई, म्हणून अक्कल बी लागत नाई काय?" मुलीने आधी दोन महिने त्यांच्याकडे लाकडाची बंदूक उचलायची, असं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात तिला बॅडमिंटनची रॅकेट हवी झाली. काकाजी म्हणाले, हा त्यांच्या शिकवणीचा सर्वांत चांगला निकाल आहे.

निवडणूक लागली, की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. काकाजी हुकमाच्या आधीच जाऊन उभे राहायचे. बंदूक ठाण्यात असेपर्यंत मात्र त्यांना चैन पडत नसे. दर चार-दोन दिवसांनी ते ठाण्यात जाऊन ती आहे की नाही हे बघून यायचे. पोलिसांवर संशय घेता काय, असं मी विचारलं. "पोलिसाच्या बी घरी भाऊ असते," ते म्हणाले.

त्यांचा हा भावाभावांवरचा संशय कुठून आला, ते मला पुतण्या पाहिल्यावर समजलं. पस्तिशीचा, कामाला वाघ, बोलायला गोड. दर बाजाराच्या दिवशी हिंगणीहून वांगी, टमाटे घेऊन यायचा. विकायला बसण्याआधी एक थैली काकूंना द्यायचा, काकाजींच्या पाया पडायचा आणि तेच बोलायचा, "काकाजी, डुकरायनं नास करून ठेवला. बंदूक माह्या नावानं करून द्या न आता."

काकाजी विचारायचे, "धुऱ्याचं काय झालं?"

धुरा म्हणजे बांध. शेजारच्या शेतकऱ्याशी त्याचा बांधावरून वाद होता. मोजणी झाली, ती शेजाऱ्याच्या बाजूने गेली. पुतण्याला ती मान्य नव्हती. पण तो हसून म्हणायचा, "धुऱ्याचं होईन काहीतरी. मी डुकराचं बोलून राह्यलो."

तो गेल्यावर काकाजी थैलीतली वांगी एकेक फिरवून बघायचे, जणू त्यात काही लपवलं आहे. मला म्हणायचे, "चार वर्षं झाले मागून राह्यला. चार वर्षांत ह्यानं एकदाही म्हटलं नाई, का आज इतके डुकरं आले होते. तुमी आकड्याचे माणूस. सांगा, ज्याले डुकराचा तरास आहे, तो डुकरं मोजते का नाई?"

मी म्हटलं, हा काही पुरावा नाही.

"पुरावा झाल्यावर बंदूक देऊन काय फायदा?" ते म्हणाले.

त्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण होतं. अर्ज गेला, की ठाण्यातून माणूस घरी चौकशीला येतो. दरवेळी जुना हवालदार यायचा, चहा पिऊन जायचा. यावेळी कोल्हापूरकडून नुकताच बदलून आलेला शिपाई आला. काकाजी दाढी करायला गेले होते. काकू एकट्याच होत्या. मी जिन्यावर बूट घालत होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांवर पडलं.

"काकू, घरात बंदूक हाय न्हवं?"

"हाय न बाप्पा. भरमार हाय."

शिपाई थबकला. "भरमार? किती हायत म्हणायच्या?"

"आता किती म्हंजे? भरमार म्हटलं न!"

"कुठं ठेवल्यात?"

"आतल्या खोलीत. कुलपात. कोणाले हात लावू देत नाईत ते."

"आणि लोकं येतात जातात का हितं?"

"येते न, हिंगणीकडून. तोंड बांधून येते उन्हाचे. त्यायले शिकवते न हे. दरवाजा लावून."

शिपायाचा आवाज खाली आला. "दारू वगैरे..."

"दारू दुसऱ्या खोलीत ठेवते," काकू म्हणाल्या. "बंदूक अन् दारू एका जागी ठेवू नाई म्हणते."

मी एक पाय बुटात, एक पाय मोकळा असा खाली धावलो आणि ओरडलो, "अहो, भरमार म्हणजे..." पण शिपाई फाटकाबाहेर पोचला होता. त्याने मोटारसायकलला किक मारली, तो ठाण्यापर्यंत थांबला नसावा. घरात बंदुकांचा ढीग, तोंड बांधून येणारी माणसं, बंद खोलीत शिकवणी आणि वर दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूचा साठा, एवढं घेऊन तो गेला होता. काकू मला म्हणाल्या, "चहा बी नाई घेतला बिचाऱ्यानं. नवा दिसते."

तासाभरात जीप आली. स्वतः ठाणेदार, बरोबर चार जण. बाजाराचा दिवस होता. नेमका तेव्हाच पुतण्या वांग्याची थैली घेऊन फाटकात उभा होता. काकाजी अर्धी दाढी झालेली, गळ्याला न्हाव्याचा टॉवेल, तसेच धावत आले. पोलिसांना बघून त्यांनी पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल? "नळ्या खाली करा." पोलिसांच्या हातात फक्त काठ्या होत्या. त्यांनी त्या खाली केल्या.

खोली उघडली. एक भरमार, साखळीत. तीन लाकडाच्या. भिंतीवर डुक्कर, गाय, बाई आणि टमरेलवाला. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात, डब्यात बंदुकीची दारू, परवान्यात लिहिली होती तिच्यापेक्षा कमीच. ठाणेदार नागपूरकडचे. त्यांना भरमार म्हणजे काय हे माहीत होतं. ते शिपायाकडे वळले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मग सगळेच हसले. शिपाईही शेवटी हसला. काकूंनी चहा टाकला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण हसलेला अधिकारी मदत करायला बघतो, आणि तिथेच घोटाळा झाला. ठाणेदारांनी कागद चाळले आणि आपुलकीने म्हणाले, "काका, परवाना शेतीच्या राखणीचा. शेती करतो पुतण्या. तुम्ही राहता इथे. तुमचं वय झालं. कधी उडवलीये का ही?"

"नाई," काकाजी म्हणाले.

ते खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पण त्या माणसाने पोलिसापुढे खोटं बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मग झालं तर! उगाच कशाला सांभाळता? पुतण्याचा अर्ज आहेच आमच्याकडे. तुम्ही संमती द्या, मी चांगला शेरा मारतो. घरातली वस्तू घरात राहील."

पुतण्या दाराशी थैली घेऊन उभा होता. त्याने काकाजींकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघितलं. त्याला आलेलं हसू त्याने आवरलं, ते मात्र मी बघितलं.

काकाजींचा चेहरा अर्धा साबणाचा. त्यांना काय म्हणायचं आहे हे त्या खोलीत मी जाणत होतो, काकू जाणत होत्या. पण सख्ख्या भावाच्या मुलाबद्दल, तो समोर उभा असताना, हातात वांग्याची थैली असताना, हा माणूस मारेल असं म्हणणार कसं? आणि कशाच्या आधारावर? त्याच्यावर साधी तक्रारही नव्हती. ठाणेदारांनी पेन काढलं.

काकाजींनी लाकडाची एक बंदूक उचलली आणि पुतण्याला म्हणाले, "ये. धर. साहेबायले दाखव, येते काय तुले."

पुतण्याने थैली ठेवली. बंदूक घेतली. घेताना नळी ठाणेदारांच्या पोटावरून, शिपायाच्या छातीवरून, माझ्या तोंडावरून फिरली. लाकडाची आहे हे सगळ्यांना माहीत असूनही आम्ही तिघेही मागे झुकलो. त्याचं बोट पहिल्यापासून आत होतं. काकाजींनी खिडकी लावली.

"रात्र आहे," ते म्हणाले. आवाज अगदी हळू, बसमधल्या झोपलेल्या उतारूंना उठवू नये तसा. "तू मचाणावर आहे. धुऱ्यापाशी हालून राह्यलं काहीतरी. काय करशीन?"

"ठोकीन."

"कोण आहे ते पाह्यलं काय?"

"पाहाचं काय त्यात?" पुतण्या खांद्याला बंदूक लावून म्हणाला. तो आता आमच्यात नव्हता, वावरात होता. "धुऱ्यावर दुसरं कोण येते? रोज रात्री तोच येते साला..."

तो थांबला.

"डुक्कर," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, "डुक्कर म्हणतो मी. डुक्कर येते."

काकाजींनी त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली, फळीवर ठेवली. टक. खिडकी उघडली. ठाणेदारांनी पेन खिशाला लावलं आणि चहाचा कप बाजूला सारला.

पुतण्या गेल्यावर काकाजींनी फक्त एकच विचारलं. "साहेब, मी मेल्यावर हिचं काय होईन?"

"वारसाला अर्ज करता येतो," ठाणेदार म्हणाले. "मी इथे असेन तर वेगळी गोष्ट. माझी बदली होणार. नवा अधिकारी कागद बघेल. कागदावर तुमचा पुतण्या स्वच्छ आहे."

"अन् मी आत्ताच देऊन टाकली त? कायमची?"

"तर प्रश्नच मिटला. पण परत मिळणार नाही, काका."

काकाजींनी तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांत खालून आवाज आला नाही. चौथ्या दिवशी ते वर आले आणि मला म्हणाले, "लेखापाल, चला." ऑटोत त्यांनी बंदूक वाकळीत गुंडाळून दोन गुडघ्यांत उभी धरली होती, तोंड आभाळाकडे. खड्डा आला, की नळी दोन्ही हातांनी आवळून धरायचे. ठाण्यात कागद झाले. बंदूक आत गेली. ते बाकावर बसले ते उठेनात. मी म्हटलं, "काकाजी, चला." ते म्हणाले, "बापाची होती जी." एवढंच. वाकळ घडी करून काखेत घेतली आणि ते चालत घरी आले, ऑटोत बसले नाहीत.

पुतण्या बाजाराच्या दिवशी येईनासा झाला. गावात लोक म्हणाले, म्हाताऱ्याने भावाचं घर तोडलं, एका शब्दावरून. नातेवाइकांतून निरोप आले. काकूही दोन-तीनदा बोलल्या, "त्यानं तसं म्हटलं, पण केलं काय? केलं त नाई न काही?" मलाही तेच वाटत होतं. अडखळलेलं एक वाक्य, तेही खेळातल्या बंदुकीपुढचं, त्यावर माणसाला खुनी ठरवणं हिशेबात बसत नाही. मी तसं काकाजींना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "नाई बसत." आणि अंगणात जाऊन बसले. त्या हिवाळ्यात ते पुष्कळ खंगले. दुपट्टेवाली माणसं आली, तरी खोली उघडत नसत. लाकडाच्या बंदुका त्यांनी त्या माणसांनाच वाटून टाकल्या.

चणा कापणीला आला तेव्हाची गोष्ट. हिंगणीचा एक माणूस सकाळी धापा टाकत आला. काकाजी अंगणात होते, मी ऑफिसला निघालो होतो.

"काकाजी, धुऱ्यावर भांडण झालं रात्री. तुमच्या पुतण्यानं शेजारच्याले मारलं. पोलिस घेऊन गेले त्याले."

काकू दारातच खाली बसल्या. काकाजी उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "हातात काय होतं?"

"उभारी. बंडीची उभारी उपसली अन् घातली." उभारी म्हणजे बैलगाडीच्या कडेला उभा खोचलेला दांडा.

"कुठं लागली?"

"हातावर. हात मोडला त्याचा, कोपराखाली. वर्ध्याले नेलं."

"बोलते काय तो?"

"बोलते म्हंजे?" तो माणूस म्हणाला. "रस्ताभर शिव्या देऊन राह्यला होता. तुमच्या सात पिढ्यायले."

काकाजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"शिरा कर," ते काकूंना म्हणाले.

"लाज नाई वाटत तुमाले?" काकू रडत म्हणाल्या. "घरचं पोरगं लॉकअपमधी बसलं, लोकाचा हात मोडला, अन् शिरा?"

"हातच मोडला न?" काकाजी म्हणाले. "शिव्या देऊन राह्यला म्हणते न तो? तूप जास्त टाकजो."